निळ्या फाइलखालचा केसपेपर

मी एक केसपेपर बोलतोय. सरकारी दवाखान्यातला, पिवळट, चार घड्यांचा. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव फारसा चांगला नाही. वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आपण किती सोसलं आणि किती उपयोगी पडलो तेवढंच सांगतात. मीही ते सांगणार आहे. पण माझ्या आयुष्यातला बराचसा काळ मी एका निळ्या फाइलवर जळण्यात घालवला, आणि त्या जळण्यापायी एका सकाळी माझ्या मनात जे आलं, ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट खरी होणार नाही.

मी छापखान्यातून आलो तो पाचशे भावंडांच्या गठ्ठ्यात, सुतळीने आवळून. आमचा कागद असा, की एका बाजूला लिहिलेलं दुसऱ्या बाजूने डोकावतं. गठ्ठ्यात वरून आठवा होतो म्हणून माझी पाळी लवकर आली. चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने मला ओढलं आणि मान वर न करता नाव, वय, काय होतंय, असं तीन घासांत विचारून टाकलं. खिडकीच्या अर्धगोल भोकातून एक हात आत आला. अंगठ्याजवळ भाजल्याचे तीन जुने डाग होते. हा माझ्या बाईंचा हात.

माझ्या बाई लाँड्रीत इस्त्री करतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, उभ्याने, अशी अकरा वर्षं. गल्लीतले लोक त्यांना इस्त्रीवाल्या काकू म्हणतात. नवरा नुसतंच ‘ऐकलंस का’ म्हणतो, आणि सासूबाई त्यांना हाक मारायच्या ऐवजी भिंतीकडे बघून बोलतात, म्हणजे कुणाला उद्देशून ते आपोआप कळतं. उभं राहून राहून बाईंच्या पायाच्या शिरा पिळलेल्या दोरीसारख्या फुगल्या होत्या. एकदा इस्त्रीच्या टेबलाची लोखंडी कड घोट्याच्या वर लागली. एवढंसं खरचटलं. ते भरेना. दीड महिन्यात तिथे अंड्याएवढी जखम झाली, तेव्हा कुठे त्यांनी एक दिवस सुट्टी मागितली.

पहिल्याच दिवशी माझ्यावर एक लाल चौकट आली.

झालं असं, की जखमेत पू होता म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं. पेनिसिलिनच्या जातीचं. ते दिल्यावर बाई बाहेर बाकावर येऊन बसल्या आणि पाच मिनिटांत त्यांचे ओठ सुजले, मानेवर गांध्या उठल्या. शेजारच्या बाईने आरडाओरडा केला म्हणून बरं. एक शिकाऊ डॉक्टर धावत आला, त्याने उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, तासभर आडवं केलं, आणि मग सिस्टरचं लाल पेन मागून माझ्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली. हे औषध किंवा या जातीचं कुठलंही औषध या पेशंटला द्यायचं नाही. ओळीभोवती त्याने चौकट काढली आणि ती दोनदा गिरवली.

“मावशी, हे औषध तुम्हाला पुन्हा कुणीही द्यायचं नाही. लक्षात ठेवाल ना?”

बाईंनी मान हलवली. पण तोपर्यंत टेबलाभोवती सात माणसं आपापले कागद पुढे करून उभी होती, एक म्हातारे तर बाईंच्या खांद्यावरून वाकून डॉक्टरला आपली जीभ दाखवत होते. त्या गर्दीत बाईंना कळलं ते एवढंच, की आपल्याला इथलं औषध बाधलं. इथलं. आपल्या शरीराला ते औषधच चालत नाही, ते कुठेही घेतलं तरी, हे त्यांना कुणी नीट बसवून सांगितलं नाही. डॉक्टरचं अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा हे तुम्ही लक्षात ठेवा, की त्यांच्या जिवाची किल्ली त्या एका ओळीत होती आणि ती ओळ माझ्यावर होती.

मग चार महिने दर मंगळवारी ड्रेसिंग. सकाळी साडेसातला रांग लागायची. बाई एका पायावर भार देऊन उभ्या राहायच्या आणि माझाच पंखा करून वारा घ्यायच्या. ड्रेसिंगची खोली म्हणजे दोन स्टुलं, एक बादली आणि कोपऱ्यात निर्जंतुक कापडांचा डबा. तिथल्या सिस्टर जाड चष्म्याच्या आणि तोंडाने फटकळ. “पाय वर ठेवून झोपायला सांगितलं होतं, झोपलात का? खोटं बोलू नका, सूज खोटं बोलत नाही.” असं प्रत्येकीला. बाई त्यांना घाबरायच्या आणि दुसऱ्या कुणी ड्रेसिंग केलं तर नाराजही व्हायच्या.

या सिस्टरची एक पद्धत होती. जखम धुऊन झाली की त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा धरायचा, कडेने पेन फिरवायचं आणि तो आकार माझ्या मागच्या बाजूला उतरवून खाली तारीख घालायची. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. जखम भरते आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, रेषेला कळतं, असं त्या म्हणायच्या. पहिला आकार अंड्याएवढा होता, सोळावा बदामाएवढा. मला माझ्या त्या बाजूचा फार अभिमान होता.

पण जखम भरली तरी फुगलेल्या शिरेचं काही केल्याशिवाय ती पुन्हा उघडणार, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. त्यासाठी पायाच्या शिरांची सोनोग्राफी हवी होती. यंत्र एकच. तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची. ती चिठ्ठी माझ्या कोपऱ्याला टाचली तेव्हा बाईंनी तारीख दोनदा वाचली आणि मला पिशवीत ठेवलं.

त्याच सुमारास नवऱ्याला एका कंपनीच्या बसवर चालकाची नोकरी लागली आणि नोकरीबरोबर सगळ्या घराला विम्याचं कार्ड मिळालं. ते दाखवलं की खाजगी हॉस्पिटलात उपचार होतात. सासूबाईंनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं, भिंतीला सांगितलं की आता तरी घरात कुणी लंगडत फिरणार नाही. नवरा मात्र दोन दिवस विचारात होता. गॅरेजमधल्या कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं होतं, की जुनं दुखणं आहे म्हणून चुकूनही बोलू नकोस, कार्ड चालणार नाही, दारातून परत पाठवतील. त्याने कार्डाबरोबरचं पुस्तक काही उघडलं नाही. त्यापेक्षा गॅरेजवर त्याचा विश्वास जास्त.

“तो सरकारी कागद घरीच ठेव,” त्याने निघताना सांगितलं.

बाईंनी हो म्हटलं आणि मला टॉवेलच्या घडीत घालून पिशवीच्या तळाशी सरकवलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चार महिन्यांची सवय. मला मात्र वाटलं, आपल्यावाचून हिचं पान हलत नाही. माझी छाती फुगली. ती फुगलेली छाती अर्ध्या तासात बसली.

खाजगी हॉस्पिटलच्या दारातच गारवा होता. जमीन अशी, की त्यात छताचे दिवे दिसत होते. रांग नव्हतीच, खुर्च्या होत्या, आणि त्या खुर्च्यांत बसल्यावर माणूस थोडा आत जात होता. बाई पहिल्यांदा बसल्या तेव्हा दचकून उठल्या. टेबलामागच्या मुलीने हसून “मॅडम, बसा ना,” म्हटलं. मॅडम. माझ्यावर त्यांच्या नावापुढे श्रीमतीसुद्धा नव्हतं, नुसता एक क्रमांक.

मग त्या मुलीने कपाटातून ती काढली. निळी फाइल. चकचकीत, वरून पारदर्शक वेष्टण, बंद करायला खटका. आत सहा रंगांचे सहा कप्पे. बाईंचं नाव तिच्यावर छापून चिकटवलं, सरळ ओळीत, एकही अक्षर गिचमिड न होता. टॉवेलच्या फटीतून मी बघत होतो. माझ्या सगळ्या घड्या एकदम दुखल्या.

मुलीने संगणकावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. याआधी कुठे उपचार घेतलेत का?

“नाही,” बाईंच्या आधी नवरा म्हणाला. “थेट तुमच्याकडेच आलो.”

कुठल्या औषधाची अॅलर्जी?

बाई त्याच्याकडे वळल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “अहो, ते इंजेक्शन बाधलं होतं ना मला. ओठ सुजले होते.”

“ते तिकडचं गं. तिकडची औषधं हलकी. इथे सगळं भारी असतं.” मग मुलीकडे वळून त्याने दोन्ही हात मोकळे दाखवले, जणू खिसे तपासून दाखवतोय. “कशाचीच नाही.”

मुलीने कळ दाबली. यंत्रातून कागद सरसर बाहेर आला आणि फाइलच्या पहिल्या कप्प्यात बसला. नाही, नाही, नाही. किती सुंदर छापलं होतं ते.

आता जे सांगतो ते माझ्या मत्सराला न आवडणारं आहे, पण खरं आहे. तिथल्या डॉक्टरांनी बाईंना अकरा मिनिटं दिली. समोर घड्याळ होतं, मी मोजली. सरकारी दवाखान्यात मला कधी दोन मिनिटांच्या वर कुणी हातात धरलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, “दिवसभरात पाय कधी जास्त दुखतो?” आणि बाई बोलायला लागल्या. दुपारी तीननंतर पायात शिसं ओतल्यासारखं होतं, मग मी न धुतलेल्या कपड्यांच्या बोचक्यावर पाय ठेवून इस्त्री करते, मालक बघत नसले तर. घरी आल्यावर सासूबाईंच्या देखत पाय चोळता येत नाहीत, म्हणून न्हाणीघरात जाऊन चोळते. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तो शेजारी बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बोलता बोलता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

माझ्यावर ‘तक्रार’ या शब्दापुढे दीड ओळ जागा आहे. त्यात ‘पायावर जखम’ एवढंच मावलं होतं. बाईंच्या मनात इतकं काही होतं हे मला चार महिन्यांत कळलं नाही, आणि फाइलला अकरा मिनिटांत कळलं. त्या दिवशी माझ्या पोटात जी आग पडली ती पडलीच.

ज्या सोनोग्राफीसाठी चार महिने थांबायचं होतं ती अर्ध्या तासात झाली. शिरेच्या ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची. मधल्या काळात ड्रेसिंगही तिथेच. तिथल्या नर्स हळुवार हाताच्या. “दुखतंय का?” असं पट्टी काढायच्या आधीच विचारायच्या. फक्त दर वेळी वेगळी नर्स असायची, आणि प्रत्येक जणी जखम पहिल्यांदाच बघत असायची. “बरी आहे की,” एक म्हणायची. “अजून ओली वाटते,” दुसरी म्हणायची. कशाशी ताडून बघणार? रेषा कुणी काढतच नव्हतं. मी पिशवीच्या तळाशी, मागची बाजू टॉवेलला टेकवून, मनातल्या मनात ओरडायचो, की इकडे बघा, सोळा आकार आहेत, तारखांसकट.

घरी फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर उभी असायची. आल्यागेल्याला सासूबाई ती दाखवायच्या. सुनेचं दुखणं एकदम घराण्याच्या इभ्रतीचं झालं होतं. मी पिशवीतच. पिशवी दारामागच्या खिळ्याला. एकदा बाईंनी दोघांना जेमतेम मिनिटभर एकत्र टेबलावर ठेवलं. फाइल काही वाईट वागली नाही. तिचा खटका माझ्या फाटक्या कोपऱ्याला लागला तर ती किंचित बाजूला झाली, एवढंच. पण चांगलं वागणाऱ्यावर जळणं फार कठीण असतं, सगळा राग आपल्याच अंगात मुरतो.

ऑपरेशनचा दिवस आला. सकाळी सातला बाई दाखल झाल्या. पडदे, स्वच्छ चादर, पलंगाच्या पायथ्याशी फाइल अडकवायला खास चौकट. पिशवी पलंगाखाली, मी पिशवीत. नवरा खुर्चीत बसून कार्ड खिशातून काढून पुन्हा ठेवत होता.

नर्स आली. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज होती. ऑपरेशनआधी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून देतात ते औषध. पलंगाखालून, पिशवीच्या तोंडातून, ट्रेमधल्या बाटलीवरचं नाव मी वाचलं. नाव वेगळं होतं, आडनाव तेच. पेनिसिलिनच्या घराण्यातलं.

“अॅलर्जी कशाची…” नर्स पुटपुटली आणि फाइल उघडली. तिने फाइलला विचारलं, बाईंना नाही. फाइल म्हणाली, नाही.

बाईंनी उशीवरची मान नवऱ्याकडे वळवली. “सांगू का?”

त्याने डोळ्यांनीच गप्प केलं. दार शेवटचं होतं, त्यातून आत गेलं की कार्डाची भीती संपणार होती.

आणि इथे मला माझं ते सांगायचं आहे. मी कागद, मला हलता येत नाही, ओरडता येत नाही, यात माझा दोष नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं, की होऊन जाऊ दे. एकदा कळू दे सगळ्यांना, त्या चकचकीत फाइलच्या पोटात काय लिहिलं आहे ते. तिची जिरू दे. हे मनात आलं तेव्हा मला बरं वाटलं. एका श्वासापुरतंच, पण वाटलं.

मग बाईंचा श्वास ऐकू आला. दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा शिट्टीसारखा.

औषध जेमतेम चौथा हिस्सा गेलं होतं. नर्स पलंगापाशीच उभी होती, बाईंचा हात हातात धरून, आणि तिचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं. ओठ फुगताना दिसताक्षणी तिने सिरिंज सोडवली, भिंतीवरची घंटा दाबली, आणि मिनिटाच्या आत तीन माणसं, प्राणवायूची नळी आणि उताऱ्याचं इंजेक्शन पलंगाशी हजर झालं. त्या मिनिटाचं श्रेय मला फाइलच्या घराण्याला द्यावंच लागतं. आमच्या दवाखान्यात बाकावरची शेजारीण ओरडली होती.

“याआधी असं झालंय का कधी?” डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं.

तो उभा होता. त्याचा हात खिशातल्या कार्डावर गेला. बाईंची जीभ जाड झाली होती, बोलता येत नव्हतं, पण हात मोकळा होता. त्यांनी बोट पलंगाखाली दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवलं. नर्सने पिशवी ओढली, टॉवेल झटकला, आणि मी जमिनीवर पडलो, नेमका लाल चौकट वर करून.

डॉक्टरांनी मला उचललं. ती ओळ वाचायला त्यांना दोन क्षण लागले. मग ते रागावतील असं मला वाटलं, पण ते कुणालाच रागावले नाहीत. फक्त फाइलचं पहिलं पान काढून माझ्या शेजारी धरलं आणि दोन्हीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं हा माझ्या विजयाचा क्षण असेल. पण माझं सगळं लक्ष बाईंच्या अंगाच्या थरथरीकडे लागलं होतं. मी विजयाचा विचार केला होता आणि बाई श्वासाचा विचार करत होत्या, एवढाच आमच्यात फरक, आणि तो फार मोठा होता.

तासाभराने सूज उतरली. ऑपरेशन दहा दिवस पुढे गेलं. डॉक्टर पुन्हा आले ते मला घेऊनच, आणि या वेळी त्यांनी माझी मागची बाजू उलटली.

“हे आकार कुणी काढलेत?”

“तिकडच्या ड्रेसिंगच्या सिस्टरने,” बाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता.

“दर आठवड्याला?”

“दर मंगळवारी. न विचारता.”

डॉक्टर बोट ठेवून एकेक आकार बघत गेले. शेवटी म्हणाले, जखम चांगली भरत होती, मला ते माहीतच नव्हतं. शिरेचं मी करतो, पण ड्रेसिंगला तुम्ही त्यांच्याकडेच जा, असा हात आमच्याकडे नाही. हे ते सगळ्यांच्या देखत बोलले. मी इतका फुललो, की माझी एक घडी उकलता उकलता राहिली.

कार्डाच्या टेबलावरची बाई मात्र कपाळाला हात लावून बसली. “अहो, या कार्डात जुनं दुखणं धरतात. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे.”

नवरा तिथून जो आला तो पलंगाच्या कडेला उभाच राहिला. बसायला धजेना.

“मी तुझ्या जिवावर उठलो होतो गं.”

बाई छताकडे बघत होत्या. “तुम्ही एकटे नाही. मला माहीत होतं आणि मी विचारलं, सांगू का. विचारायचं कशाला होतं?”

खुर्ची पुढे ओढून त्याने बाईंचा पाय उचलला आणि उशीवर ठेवला. नर्सने सांगितलं होतं त्याच्यापेक्षा थोडा जास्तच उंच.

माझं नशीब पाहा. त्याच दिवशी माझी झेरॉक्स काढून ती निळ्या फाइलच्या पहिल्या कप्प्यात गेली. पारदर्शक वेष्टणात, एकही घडी नसलेली, माझेच शब्द, माझेच सोळा आकार. मी परत टॉवेलमध्ये. इतके दिवस फाइलचा हेवा केला, आता स्वतःच्याच नकलेचा करायची वेळ आली. सासूबाईंनी घरी आल्यावर ते पान बघितलं आणि भिंतीला विचारलं, की एवढ्या सुंदर फाइलीत हा मळका कागद कुणी घातला. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “त्या कागदाने मला घरी आणलंय, आई.” सासूबाई भिंतीकडे बघायचं सोडून पहिल्यांदा सुनेकडे बघायला लागल्या.

ऑपरेशन दुसऱ्या औषधावर नीट पार पडलं. आता मंगळवारची रांग पुन्हा सुरू आहे. नवरा सुट्टी असली की येतो आणि बाईंऐवजी रांगेत उभा राहतो. चष्म्याच्या सिस्टरने महिनाभर कुठे होतात म्हणून आधी यथेच्छ झाडलं, मग सगळी हकिगत ऐकून माझी लाल चौकट तिसऱ्यांदा गिरवली. ते त्यांच्या हिशेबाने फार झालं. गेल्या मंगळवारी त्यांनी विसावा आकार काढला. मसुराच्या दाण्याएवढा. तो काढायला माझ्यावर शेवटचा कोपरा उरला होता.

म्हणजे माझं पान संपलं. आज सकाळी खिडकीतल्या कारकुनाने मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, “भरलाय हा. नवीन काढा.” त्याने गठ्ठ्यातून एक कोरा ओढला. गुळगुळीत, एकही डाग नाही. माझ्या जातीचाच, तरी मला तो डोळ्यांसमोर नको झाला. इतके महिने मी ज्या बाईंचा होतो त्या आता याच्या होणार. आणि त्याच्यावर ती ओळ नव्हती.

कारकुनाने पेन उचललं. नाव, वय, काय होतंय.

“नाव नंतर,” बाई म्हणाल्या. अर्धगोल भोकाशी वाकून, मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या स्पष्ट आवाजात. “आधी हे लिहा. मला पेनिसिलिनच्या जातीचं औषध चालत नाही. कुठलंच. कुठलंही, भारी असो की हलकं.”

“ते आत डॉक्टर लिहितील.”

“डॉक्टर लिहितीलच. तुम्हीही लिहा.”

कारकुनाने मान वर केली. माझ्या जन्मापासून मी त्याचे डोळे पहिल्यांदाच बघितले. त्याने लिहिलं.

मग त्या ड्रेसिंगच्या खोलीत गेल्या आणि स्टुलावर बसायच्या आधी तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, अहो माहीत आहे मला. बाई म्हणाल्या, असू दे, म्हणायची सवय लावून घेतेय. रांगेतल्या एका बाईला त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी काही बाधलंय का? इकडे की तिकडे ते जाऊ द्या, काय बाधलं तेवढं सांगा.

तेव्हा वाचकहो, माझा निरोप घ्यायची वेळ झाली. तुम्ही गार खुर्चीत बसा की लाकडी बाकावर, मी कुठे चांगलं ते सांगणार नाही, मला दोन्हीकडचं चांगलं बघून जळायची सवय आहे. एवढंच मागतो, की एका दारातून दुसऱ्या दारात जाताना जुना कागद लपवू नका, आणि कुणी विचारण्याची वाट बघू नका.

मी आता कपाटाच्या खालच्या खणात आहे. वरच्या फळीवर फाइल आहे, तिच्यात माझी नक्कल आहे, पिशवीत तो नवा कोरा आहे. तिघांचाही हेवा वाटतो, नाही म्हणत नाही. पण सगळ्यांत जास्त हेवा मला आता बाईंच्या तोंडाचा वाटतो. जे मी लाल चौकटीत घालून इतके महिने पिशवीच्या तळाशी सांभाळलं, ते त्या आता उभ्याउभ्या, कागद न उघडता, कुणालाही सांगून टाकतात. आता माझ्यावाचूनही त्यांचं पान हलतं. हा एक हेवा मात्र माझा मला गोड लागतो, आणि तो कधी कमी होऊ नये असं वाटतं.